आलिशान पुरुषवेशातील लिंगसीमा आणि परंपरानिष्ठा

आलिशान पुरुषवेशातील लिंगसीमा म्हणजे नामांकित फॅशनगृहांनी पुरुषांसाठी तयार केलेल्या उंची संग्रहांत, पुरुषाने काय परिधान करावे आणि काय करू नये याविषयी पाळली जाणारी मर्यादा होय. रंग, कापड, बेतणी, अलंकरण, पादत्राणे आणि वस्त्रप्रकार या सर्वांमधून ही मर्यादा व्यक्त होते. ती जपण्याकडे असलेल्या कलाला या क्षेत्रातील परंपरानिष्ठा असे म्हटले जाते. फॅशन म्हणजे सतत पालटणारी गोष्ट, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी कोट, विजार, शर्ट आणि टाय हा पुरुषी पोशाखाचा सांगाडा सुमारे दोनशे वर्षे फारसा बदललेला नाही.

इसवी सन १९६० नंतर, आणि विशेषतः २०१५ नंतर, अनेक फॅशनगृहांनी पुरुषांच्या संग्रहांत घागरे, झालरी, लेस, मोत्यांच्या माळा आणि उंच टाचांच्या पादत्राणांचा समावेश केला. या प्रयोगांना मोठी प्रसिद्धी मिळाली. मात्र रॅम्पवर दिसणारा पोशाख आणि दुकानात प्रत्यक्ष विकला जाणारा पोशाख यांतील अंतर कायम राहिले. त्यामुळे लिंगसीमा खरोखर पुसट झाली आहे की सादरीकरणापुरती सैल झाली आहे, हा या विषयातील मध्यवर्ती वादाचा मुद्दा आहे.

व्याप्ती

या लेखात 'आलिशान पुरुषवेश' ही संज्ञा प्रामुख्याने पॅरिस, मिलान, फ्लॉरेन्स, लंडन आणि न्यूयॉर्क या केंद्रांतील उंची तयार कपडे व मापावर शिवलेले कपडे यांच्यासाठी वापरली आहे. इटलीतील झेन्या, ब्रिओनी, गुची व प्रादा, फ्रान्समधील दिओर, लुई व्हिताँ, एर्मेस व सँ लोराँ आणि लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरील शिंपीघराणी ही त्याची ठळक उदाहरणे होत.

लिंग आणि लिंगभाव यांतील फरक येथे महत्त्वाचा आहे. लिंग ही शारीरिक बाब मानली जाते. लिंगभाव म्हणजे पुरुषाने किंवा स्त्रीने कसे वागावे, बोलावे, दिसावे याविषयी समाजाने ठरवलेले संकेत. वस्त्र हे या संकेतांचे सर्वांत सहज दिसणारे चिन्ह असते. म्हणूनच वस्त्राची सीमा ओलांडणे हे अनेकदा सामाजिक सीमा ओलांडण्यासारखे मानले जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दरबारी पोशाख

सतराव्या आणि अठराव्या शतकांतील युरोपीय दरबारांत भरजरी पोशाख ही स्त्रियांची मक्तेदारी नव्हती. रेशमी मोजे, लेस, फिती, भरतकाम, कृत्रिम केसांचे टोप आणि उंच टाचांचे जोडे हे उच्चकुलीन पुरुषाचे भूषण होते. इयासँत रिगो या चित्रकाराने १७०१ मध्ये रंगवलेल्या चौदाव्या लुईच्या प्रसिद्ध चित्रात राजाचे मोजे घातलेले पाय आणि लाल टाचांचे जोडे मुद्दाम ठळक दाखवले आहेत. उंच टाच ही मुळात पश्चिम आशियातील, विशेषतः इराणमधील, घोडेस्वारांच्या पादत्राणांतून युरोपात आली असे मानले जाते. रिकिबीत पाय स्थिर राहावा हा तिचा हेतू होता. आज स्त्रीत्वाचे लक्षण समजली जाणारी ही टाच तेव्हा पराक्रम व अधिकार यांची खूण होती.

त्या काळातील प्रमुख भेदरेषा दर्जाची होती. कोणत्या वर्गाने कोणते कापड, कोणता रंग वा कोणती कातडी वापरावी, याचे कायदे युरोपातील अनेक राज्यांत होते. उमराव आणि त्याची पत्नी यांच्या पोशाखातील साम्य हे उमराव आणि त्याचा नोकर यांच्या पोशाखातील साम्यापेक्षा अधिक असे.

राज्यक्रांती आणि पुरुषी परित्याग

फ्रेंच राज्यक्रांतीने दर्जाची ही भेदरेषा मोडली. १७८९ मध्ये भरलेल्या प्रतिनिधिसभेत तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींना साधा काळा पोशाख नेमून देण्यात आला होता. पुढे तोच साधेपणा नागरिकत्वाचे आणि सचोटीचे चिन्ह ठरला. ऑक्टोबर १७९३ मध्ये तेथील राष्ट्रीय सभेने प्रत्येकाला आवडीचा पोशाख करण्याचे स्वातंत्र्य जाहीर केले. परंतु तो पोशाख ज्याच्या त्याच्या लिंगाला साजेसा असावा अशी अट त्यातच होती. दर्जाची सीमा गेली आणि लिंगाची सीमा कायद्याच्या भाषेत आली, असा या तरतुदीचा अर्थ लावता येतो. १८०० मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी पुरुषी पोशाख करू इच्छिणाऱ्या स्त्रियांवर परवान्याचे बंधन घातले. हा आदेश कालबाह्य व निरर्थक असल्याचे फ्रान्स सरकारने २०१३ मध्ये अधिकृतपणे स्पष्ट केले.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन कार्ल फ्लूगेल यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या वस्त्रांच्या मानसशास्त्रावरील ग्रंथात या स्थित्यंतराला 'महान पुरुषी परित्याग' असे नाव दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरुषांनी सुंदर दिसण्यावरील आपला हक्क सोडला आणि केवळ उपयुक्त दिसण्याचा मार्ग पत्करला, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्लूगेल स्वतः १९२९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या पुरुषवेश सुधारणा पक्षाशी संबंधित होते. कडक कॉलर, टाय आणि जाड कोट यांपासून पुरुषांची सुटका व्हावी, ही त्या पक्षाची मागणी होती.

फ्लूगेल यांचा सिद्धान्त सर्वमान्य नाही. ख्रिस्टोफर ब्रूवर्ड यांनी १९९९ मधील ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश पुरुषही हौसेने कपडे खरेदी करत होते, मात्र ती हौस उघडपणे बोलून दाखवली जात नव्हती, असे दाखवून दिले. अ‍ॅन हॉलंडर यांनी १९९४ मधील ग्रंथात पुरुषी सूट हे आधुनिक काळातील सर्वांत यशस्वी रचनाकार्य असल्याचे मत मांडले.

ब्रमेल आणि सॅव्हिल रो

नव्या साधेपणाला प्रतिष्ठा मिळवून देण्यात बो ब्रमेल (१७७८–१८४०) या लंडनच्या रसिकाचा मोठा वाटा होता. गडद रंगाचा अंगाबरोबर बसणारा कोट, स्वच्छ पांढरे लिनन आणि नेटकी गळपट्टी एवढ्यावर त्याने आपली कीर्ती उभी केली. या शैलीत श्रीमंती दागिन्यांतून दिसत नसे. ती बेतणीतून, इस्त्रीतून आणि कापडाच्या पोतातून ओळखावी लागे. जाणकारालाच कळावी अशी ही संपन्नता आजही आलिशान पुरुषवेशाचा पाया आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सॅव्हिल रो हा रस्ता या शिवणकलेचे केंद्र बनला. साम्राज्याचे अधिकारी, सावकार आणि राजेरजवाडे तेथे कपडे शिवू लागले आणि तेथील कोट जगभर सत्तेचा गणवेश झाला. १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड यांच्यावर झालेल्या खटल्यानंतर इंग्लंडमध्ये पुरुषाच्या नटण्याकडे समलैंगिकतेची खूण म्हणून संशयाने पाहिले जाऊ लागले, असे अनेक इतिहासकार नोंदवतात. त्यामुळे साध्या पोशाखाला प्रतिष्ठेबरोबर भीतीचीही जोड मिळाली.

एकतर्फी देवघेव

विसाव्या शतकात स्त्रियांच्या पोशाखाने पुरुषी पोशाखातून मुक्तपणे उचल केली. कोको शनेल यांनी पुरुषांच्या अंतर्वस्त्रांसाठी वापरले जाणारे जर्सी कापड स्त्रियांच्या पोशाखात आणले. मार्लेन डिट्रिच यांनी १९३० मधील मोरोक्को या चित्रपटात पुरुषी मेजवानीचा पोशाख केला. इव्ह सँ लोराँ यांनी १९६६ मध्ये स्त्रियांसाठी 'ल स्मोकिंग' हा सूट सादर केला. प्रारंभीच्या विरोधानंतर यांतील बहुतेक गोष्टी रूढ झाल्या.

उलट दिशेची देवघेव मात्र अत्यल्प राहिली. अभ्यासक याचे कारण सामाजिक मूल्यश्रेणीत शोधतात. स्त्रीने विजार घालणे म्हणजे वरच्या मानल्या गेलेल्या स्थानाकडे जाणे होते, तर पुरुषाने घागरा घालणे ही प्रतिष्ठेतील घसरण समजली जाई. म्हणून पुरुषवेशातील लिंगसीमेचा प्रश्न हा स्त्रीत्वाला दिल्या जाणाऱ्या दुय्यम स्थानाशी निगडित आहे, असे स्त्रीवादी अभ्यासकांचे म्हणणे आहे.

विसाव्या शतकातील प्रयोग

मयूर क्रांती

१९६० च्या दशकात लंडनमधील तरुणांनी रंगीत शर्ट, फुलांची नक्षी, मखमल आणि झालरी यांचा स्वीकार केला. या लाटेला मयूर क्रांती असे म्हणतात. कार्नबी स्ट्रीटवरील जॉन स्टीफन यांची दुकाने तरुणांच्या खिशाला परवडणारी होती, तर मायकेल फिश यांचे कपडे धनिक व कलावंतांसाठी होते. ५ जुलै १९६९ रोजी हाइड पार्कमधील मैफलीत गायक मिक जॅगर यांनी फिश यांच्या दुकानातील झालरींचा पांढरा झगा घातला. मात्र त्याखाली पांढरी विजार होती. डेव्हिड बोवी यांनी १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर फिश यांचाच लांब झगा परिधान केला होता. याच मुद्रिकेचे अमेरिकेतील वेष्टन वेगळे होते.

१९६९ मध्ये टॉमी नटर यांनी सॅव्हिल रोवर दुकान उघडून रुंद लॅपल व ठळक रंगांचे सूट आणले. त्याच वर्षीच्या अ‍ॅबी रोड या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर बीटल्सपैकी तिघांच्या अंगावर नटर यांचे सूट आहेत. नटर यांचे धाडस रंग, कापड आणि प्रमाण यांत होते. कोट आणि विजार हा सांगाडा त्यांनी कायम ठेवला.

मऊ कोट आणि सडपातळ कोट

जॉर्जियो अर्मानी यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुरुषांच्या कोटातील ताठ अस्तर व खांद्यांची भरणी कमी केली. १९८० मधील अमेरिकन जिगोलो या चित्रपटाने हा सैल, अंगावरून वाहणारा कोट जगभर पोहोचवला. एदी स्लिमान यांनी २००१ पासून दिओरसाठी अतिशय सडपातळ कोट व अरुंद विजारी केल्या. ते घालता यावेत म्हणून ज्येष्ठ रचनाकार कार्ल लागरफेल्ड यांनी सुमारे ४० किलो वजन उतरवल्याचे प्रसिद्ध आहे. दोघांनीही स्त्रीवेश उसना न घेता पुरुषी देहाची कल्पना बदलली. त्यामुळे त्यांचे बदल वादग्रस्त न ठरता बाजारात मुरले. परंपरानिष्ठ क्षेत्रात वस्त्रप्रकार तसाच ठेवून आतून बदल करणे अधिक यशस्वी होते, याची ही दोन उदाहरणे मानली जातात.

घागऱ्याचा प्रवेश

जाँ पॉल गोतिए यांनी १९८४ मध्ये सादर केलेल्या संग्रहात पुरुषांसाठी घागरे आणले. ते पुढून घागऱ्यासारखे दिसत असले तरी त्यांची बेतणी विजारीच्या जवळची होती. जपानी रचनाकार रेई कावाकुबो यांनीही आपल्या पुरुषवेशात घागरे वारंवार वापरले. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम यांनी १९९८ मध्ये गोतिए यांचे सारोंग नेसल्यावर ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्यांची थट्टा केली. या विषयावर अँड्र्यू बोल्टन यांनी सिद्ध केलेले प्रदर्शन २००२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आणि २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भरले.

इसवी सन २०१५ नंतरचा काळ

जानेवारी २०१३ मध्ये जोनाथन अँडरसन यांनी लंडनमध्ये झालरींच्या आखूड चड्ड्या व खांदे उघडे ठेवणारे पुरुषवेश सादर केले, तेव्हा त्यांची मोठी खिल्ली उडवली गेली. दोनच वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, अलेस्सांद्रो मिकेले यांनी गुचीसाठी अवघ्या काही दिवसांत तयार केलेल्या पुरुषसंग्रहात गळ्याशी मोठी गाठ असलेले रेशमी ब्लाउज आणि लेस आणली. या वेळी टीकेपेक्षा कौतुक अधिक झाले. २०१७ पासून गुचीने काही वर्षे स्त्री व पुरुष यांचे संग्रह एकाच कार्यक्रमात सादर केले.

गुचीचे वार्षिक उत्पन्न २०१५ मध्ये सुमारे ३.९ अब्ज युरो होते. २०१९ मध्ये ते सुमारे ९.६ अब्ज युरोंवर गेले. लिंगसीमा ओलांडणे व्यापारालाही लाभते, याचा पुरावा म्हणून या वाढीचा उल्लेख केला जातो. तथापि गुचीच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग चामडी वस्तूंतून येत होता. नवे रूप गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत आणत असे आणि तो बहुधा पिशवी, पट्टा किंवा जोडे घेऊन परत जाई, हेही लक्षात घ्यावे लागते.

न्यूयॉर्कचे थॉम ब्राउन यांनी जून २०१७ मध्ये पॅरिसमध्ये सादर केलेला पुरुषसंग्रह घागरे व झग्यांचाच होता. विशेष म्हणजे हे घागरे सूटच्या करड्या लोकरी कापडाचे आणि काटेकोर शिवणीचे होते. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, परंपरागत पुरुषवेशासाठी ओळखल्या जाणाऱ्या झेन्या समूहाने ब्राउन यांच्या कंपनीचा ८५ टक्के हिस्सा विकत घेतला. लुई व्हिताँच्या पुरुषवेशाचे प्रमुख व्हर्जिल अ‍ॅब्लो यांनी २०२१ च्या हिवाळी संग्रहात किल्टचा समावेश केला.

प्रसिद्ध व्यक्तींनी या रूपांना लोकांसमोर आणले. अभिनेते बिली पोर्टर यांनी फेब्रुवारी २०१९ मधील ऑस्कर समारंभात क्रिस्चियन सिरियानो यांनी बेतलेला, वर काळा कोट आणि खाली घेरदार झगा असा पोशाख केला. गायक हॅरी स्टाइल्स डिसेंबर २०२० च्या अमेरिकन व्होग मासिकाच्या मुखपृष्ठावर गुचीच्या झग्यात झळकले. या मासिकाच्या मुखपृष्ठावर एकटाच पुरुष येण्याची ही पहिलीच वेळ होती. अमेरिकेतील परंपरावादी भाष्यकारांनी यावर तीव्र आक्षेप घेतला.

परंपरानिष्ठेची कारणे

पुरुषवेशातील परंपरानिष्ठा केवळ रचनाकारांच्या किंवा गिऱ्हाइकांच्या मनोवृत्तीतून येत नाही. ती या धंद्याच्या रचनेतच मुरलेली आहे.

बेतणी आणि शिवण: पुरुषी कोटाच्या छातीत घोड्याच्या केसांचे कॅनव्हास टाके घालून बसवले जाते. हे कौशल्य आत्मसात करण्यास वर्षे लागतात. स्त्रीवेशाची बेतणी छातीचा उभार, कंबर आणि नितंब यांच्या वेगळ्या गणितावर उभी असते. दोन्हींचे कारागीर आणि कार्यशाळा परंपरेने निराळ्या राहिल्या. पुरुषांच्या शर्टाची डावी बाजू उजवीवर येते व स्त्रियांच्या शर्टाची उजवी बाजू डावीवर येते, यासारखे संकेत प्रयोजन उरलेले नसतानाही पाळले जातात.

मापे: इटालियन पुरुषी कोटाचे माप साधारणतः छातीच्या सेंटिमीटरमधील घेराच्या निम्मे असते. स्त्रियांची मापे वेगळ्या क्रमाने दिली जातात. म्हणून एखाद्या पुरुषाला स्त्रीवेश आवडला तरी तो त्याच्या खांद्यात बसेलच असे नाही. 'सर्वांसाठी' म्हणून विकले जाणारे कपडे बहुधा सैल सदरे, बनियन व लोकरी स्वेटर असतात, कारण ते कोणत्याही देहावर चालतात.

वेळापत्रक आणि दुकान: पुरुषांचे फॅशन सप्ताह जानेवारी व जूनमध्ये, तर स्त्रियांच्या तयार कपड्यांचे फेब्रुवारी-मार्च व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात. घाऊक खरेदी करणारे प्रतिनिधी, त्यांचे अंदाजपत्रक आणि दुकानांतील मजले हेही त्यानुसार विभागलेले असतात. दोन्ही विभागांत न बसणारा कपडा कोणी खरेदी करायचा व कुठे टांगायचा, हा व्यवहारातला प्रश्न ठरतो. कॅनेडियन रचनाकार राद हुरानी यांनी २०१३ मध्ये पॅरिसच्या उच्च शिवणकलेच्या सप्ताहात उभयलिंगी संग्रह सादर केला. तो या प्रकारचा पहिला मानला जातो.

गिऱ्हाईक: उंची सूट घेणारा पुरुष बहुधा असा पोशाख शोधतो, जो त्याच्या कार्यालयात, बैठकीत किंवा समारंभात प्रश्न निर्माण करणार नाही. त्याची पैसे मोजण्याची तयारी असते. उठून दिसण्याची असतेच असे नाही. रोममधील ब्रिओनी या १९४५ मध्ये स्थापन झालेल्या शिंपीघराण्याने २०१६ मध्ये जस्टिन ओशे यांची नेमणूक करून आपले रूप आक्रमकपणे बदलण्याचा प्रयत्न केला. परंतु सुमारे सहा महिन्यांतच ते बाहेर पडले.

राज्यसत्ता: चीन ही आलिशान वस्तूंची अत्यंत मोठी बाजारपेठ आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये तेथील प्रसारण नियामक संस्थेने दूरचित्रवाणीवर 'बायकी' वळणाच्या पुरुषांना स्थान देऊ नये असे निर्देश दिले. अनेक फॅशनगृहांचे जाहिरातदूत तेथील तरुण कलावंत असल्याने अशा निर्देशांचा परिणाम त्यांच्या प्रतिमेवर होऊ शकतो.

उसन्या नावांचा आधार

युरोपीय फॅशनगृहे पुरुषांसाठी घागरा आणतात, तेव्हा त्याला बहुधा घागरा म्हणत नाहीत. किल्ट, सारोंग, कफ्तान अशी नावे दिली जातात. ही सर्व वस्त्रे आपापल्या प्रदेशांत निर्विवादपणे पुरुषांची आहेत. गायक कान्ये वेस्ट यांनी २०११ च्या दौऱ्यात जिव्हांशीचा चामडी घागरा घातला, तोही किल्ट म्हणूनच ओळखला गेला. नावामुळे सैनिकी वा प्रादेशिक परंपरेचा आधार मिळतो आणि 'स्त्रीवेश' हा आरोप टळतो.

यावरून विजार म्हणजे पुरुष आणि घेर म्हणजे स्त्री हे समीकरण सार्वत्रिक नसून युरोपच्या विशिष्ट इतिहासातून आलेले आहे, हे स्पष्ट होते. भारतातील धोतर, लुंगी व मुंडू, म्यानमारमधील लोंजी आणि अरबस्तानातील लांब झगा ही पुरुषांची रोजची वस्त्रे आहेत.

भारतीय व मराठी संदर्भ

भारतीय संस्थानिक हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिस व लंडन येथील शिंपी व जवाहिरे यांचे महत्त्वाचे गिऱ्हाईक होते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) यांची फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल यांनी दोन प्रसिद्ध व्यक्तिचित्रे काढली. १९२९ च्या चित्रात महाराज युरोपीय पद्धतीच्या काळ्या सायंकालीन पोशाखात उभे आहेत आणि अंगावर दागिना जवळजवळ नाही. काही वर्षांनंतरच्या दुसऱ्या चित्रात ते पांढऱ्या मराठा पोशाखात, डोक्यावर पगडी आणि गळ्यात 'इंदूर पेअर्स' या नावाने ओळखले जाणारे मोठे हिरे अशा थाटात बसलेले आहेत. एकाच पुरुषाची ही दोन रूपे पौरुषाच्या दोन भिन्न कल्पना दाखवतात. पहिलीत अलंकार टाळणे ही प्रतिष्ठा आहे, तर दुसरीत अलंकार धारण करणे हा राजपदाचा भाग आहे.

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्रादाने सादर केलेल्या पुरुषसंग्रहात कोल्हापुरी चपलांशी स्पष्ट साम्य असलेल्या चामडी सपाता होत्या. त्यांच्या मूळ परंपरेचा उल्लेख सुरुवातीला केला गेला नव्हता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असून ते महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांना लागू आहे. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड अ‍ॅग्रिकल्चर या संस्थेने आक्षेप नोंदवल्यानंतर प्रादाने भारतीय पादत्राण परंपरेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. या प्रकरणातील मुख्य मुद्दा कारागिरांच्या श्रेयाचा होता. लिंगसीमेच्या दृष्टीने पाहता, युरोपीय पुरुषवेश आपली चौकट सैल करताना जवळच्या स्त्रीवेशाऐवजी दूरच्या प्रदेशातील पुरुषांच्या वापरातील वस्तूंकडे वळतो, या प्रवृत्तीचेही ते उदाहरण ठरते.

परतीचा प्रवाह

२०२२ च्या अखेरीस मिकेले गुचीतून बाहेर पडले आणि त्यांच्यानंतर आलेल्या साबातो दे सार्नो यांनी अधिक संयत रूप स्वीकारले. याच सुमारास लोरो पियाना, ब्रुनेल्लो कुचिनेल्ली यांसारख्या घराण्यांच्या बोधचिन्हरहित, उत्तम लोकरीच्या कपड्यांना 'मूक विलास' या अर्थाच्या नावाने प्रसिद्धी मिळाली. काही निरीक्षक याला राजकीय परंपरावादाचा पडसाद मानतात. इतरांच्या मते ही आर्थिक मंदीच्या काळात टिकाऊ वस्तूंकडे वळण्याची नेहमीची प्रवृत्ती आहे.

तथापि सर्वच बदल मागे फिरले नाहीत. सँ लोराँच्या पुरुषसंग्रहांत गळ्याशी गाठ असलेले रेशमी ब्लाउज आले. २०२५ मध्ये दिओरने पुरुषवेश, स्त्रीवेश आणि उच्च शिवणकला या तिन्ही विभागांची सूत्रे जोनाथन अँडरसन या एकाच रचनाकाराकडे दिली. संयत पुरुषवेशासाठी नावाजलेल्या एर्मेसमध्ये १९८८ पासून वेरोनिक निशानियाँ या स्त्री रचनाकार पुरुषवेशाच्या प्रमुख होत्या. २०२५ मध्ये त्यांच्या जागी ग्रेस वेल्स बॉनर यांची नेमणूक जाहीर झाली. पुरुषाच्या अंगावरील वस्त्राची सीमा जेथे जवळजवळ हलली नाही, तेथे ते वस्त्र घडवणाऱ्याच्या लिंगाची सीमा मात्र कित्येक वर्षांपूर्वीच ओलांडली गेली होती.

मतमतांतरे

समर्थकांच्या मते आलिशान फॅशनमधील प्रयोग समाजाची नजर तयार करतात. आज रॅम्पवर विचित्र वाटणारी गोष्ट काही वर्षांत सौम्य रूपात सर्वसामान्य दुकानांत येते. पुरुषांनी मोत्यांची माळ घालणे हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने २०२२ मध्ये भरवलेल्या पुरुषवेशावरील मोठ्या प्रदर्शनात पोर्टर व स्टाइल्स यांचे झगे मांडण्यात आले होते.

टीकाकार तीन आक्षेप घेतात. पहिला आक्षेप श्रेयाचा आहे. ज्या रूपांसाठी समलैंगिक, पारलिंगी आणि कृष्णवर्णीय व्यक्तींनी दीर्घकाळ उपहास व हिंसा सोसली, तीच रूपे एखाद्या लोकप्रिय गोऱ्या कलावंताने धारण केल्यावर क्रांतिकारक ठरतात. बिली पोर्टर यांनी २०२१ मध्ये हा मुद्दा जाहीरपणे मांडला. पुढे त्यांनी स्टाइल्स यांचे नाव घेतल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, तरी प्रसारमाध्यमांच्या निवडीविषयीचा मूळ प्रश्न कायम राहिला.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे. समारंभात मोटारीतून उतरणाऱ्या अभिनेत्याचा झगा कौतुकाचा विषय होतो. तोच झगा घालून बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या तरुणाला अपमान किंवा मार सहन करावा लागू शकतो. किंमत आणि प्रसिद्धी हे सीमा ओलांडणाऱ्याचे संरक्षक कवच असते, ते सर्वांना उपलब्ध नसते. तिसरा आक्षेप मूळ रचनेविषयी आहे. मापे, दुकानांचे मजले आणि वेळापत्रक जोवर स्त्री व पुरुष या दोनच कप्प्यांत विभागलेले आहेत, तोवर रॅम्पवरील घागरा हा अपवाद म्हणूनच राहील, असे या टीकाकारांना वाटते.

परंपरानिष्ठ पुरुषवेशाचे समर्थक या चर्चेत वेगळा मुद्दा मांडतात. त्यांच्या मते बंधनातील सूक्ष्म फेरफार, म्हणजे लॅपलची रुंदी, खांद्याचा उतार, कापडाचे वजन, हीच या कलेची खरी समृद्धी आहे आणि ती टिकवणे म्हणजे लिंगभेदाचे समर्थन करणे नव्हे.

हे सुद्धा पहा

फॅशनचा इतिहास
लिंगभाव
सॅव्हिल रो
बो ब्रमेल
कोल्हापुरी चप्पल
यशवंतराव होळकर दुसरे